आमच्या नायिकांना लघवीला लागत नाही!

संपादक महाशयांचे पत्र श्रावणात आले. "दिवाळी अंकासाठी एखादी खुसखुशीत कौटुंबिक कथा पाठवावी. अंक घराघरांत जातो, आजीपासून नातीपर्यंत सारे वाचतात, हे ध्यानात असू द्यावे." मी ते ध्यानात ठेवले, आणि म्हणूनच कथा न पाठवता हा लेख पाठवीत आहे. आजीपासून नातीपर्यंत साऱ्याजणी ज्या एका विषयावर आयुष्यभर मिठाची गुळणी धरून बसतात, त्याच विषयावर मला बोलायचे आहे. तो विषय म्हणजे लघवी; अधिक नेमके सांगायचे तर ती न आवरणे. हा शब्द वाचून ज्यांच्या हातातली चकली तोंडापर्यंत जाता जाता थबकली असेल, त्यांची मी क्षमा मागते. शब्द मात्र मागे घेत नाही.

लेखाचा कच्चा खर्डा मी आमच्या भाईंदरमधल्या एका वडीलधाऱ्या साहित्यप्रेमी गृहस्थांना दाखवला. माणूस सज्जन, वाचन दांडगे. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ते तीन वाक्ये बोलले. "विषय महत्त्वाचा आहे, पण ही जागा नव्हे. हा वयाचा भाग आहे, त्याला इलाज नसतो. आणि ते पाठीत यंत्र बसवण्याचं जे तुम्ही लिहिलंय, ते अमेरिकेतल्या लोकांचे चोचले. आपल्याकडच्या बायकांना त्याचं काय?" आमच्या समाजाचे या विषयावरचे सारे तत्त्वज्ञान या तीन वाक्यांत आले. तेव्हा त्यांचे नाव न घेता मी त्या तीन वाक्यांनाच उत्तर देते. मी डॉक्टर नाही, पदवीधरदेखील नाही. शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेली, चित्रकला शिकवणारी मास्तरीण आहे. पण हे दुखणे मी पाच वर्षे अंगावर काढले आहे, आणि अंगावर काढलेल्या गोष्टीवर बोलायला पदवी लागत नाही.

पहिले वाक्य: ही जागा नव्हे. मग कोणती? मला तर दिवाळीइतका या दुखण्याला जवळचा दुसरा सण दिसत नाही. नरक चतुर्दशीची पहाट आठवा. बाहेर अंधार, हवेत गारवा, अंगाला उटणे, आणि न्हाणीघरात बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. तो आवाज कानी पडताच घरातली एक बाई ओवाळणीचे तबक तसेच पाटाशी ठेवून लगबगीने उठते. घरचे म्हणतात, "हिला नेमकं आत्ताच जायचं असतं!" होय, नेमके आत्ताच. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला, गार पाण्यात हात घातला, किंवा बाहेरून येऊन दाराच्या कुलपात किल्ली घातली, की अशी कळ येते की पुढची दहा पावले दहा कोसांची होतात. ही या दुखण्याची जगभर ओळखली जाणारी खूण आहे. त्या बाईला तिचे नाव ठाऊक नसते. तिला एवढेच ठाऊक असते की, आपण घाणेरड्या झालो आहोत आणि हे कोणाला कळता कामा नये.

आणि वाङ्मयाला तरी ही जागा नव्हे असे म्हणण्याचा काय अधिकार? मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या नायिका आगगाडीने लांबचा प्रवास करतात, रात्र रात्र पत्रे लिहीत बसतात, भर पावसात झाडाखाली उभ्या राहतात. त्यांच्या डोळ्यांतून वाहिलेल्या पाण्याचा हिशेब ठेवला तर एक विहीर भरेल. पण त्यांच्यापैकी एकीलाही कधी लघवीला लागलेली नाही! तीन कादंबऱ्यांत मिळून हजारभर पाने होतात, आणि एकही बाई एकदाही उठून मोरीकडे गेली नाही. हे मी कोणा दुसऱ्याचे दोष दाखवत नाही. माझ्याच पदरचे सांगते आहे. स्त्रीच्या अंतःकरणाचा ठाव घेतल्याबद्दल मला अभिप्राय आले. त्या अंतःकरणाच्या हातभर खाली काय चालले आहे, हे मी कोणाला कळू दिले नाही.

शरीराविषयी मराठीत स्वच्छ बोलता येते, हे आपल्याला कोणी शिकवले नाही असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज कर्व्यांच्या धैर्याची स्तुती करणारे लेख आपण दिवाळी अंकांतून वाचतो, आणि नंतरच्या पानावर त्या धैर्याला जागा नाही म्हणतो. धैर्याची स्तुती करायला काही लागत नाही हो. लघवी हा शब्द छापायला लागते.

आता दुसरे वाक्य: हा वयाचा भाग आहे, त्याला इलाज नसतो.

माझी एक मावशी मुर्ध्याला राहायची. तेव्हा भाईंदरच्या त्या बाजूला इमारती थोड्या आणि मिठागरे फार होती. मावशीच्या हाताला मोठी चव, गळा गोड, मंगळागौरीला तिच्यावाचून रंग चढत नसे. पन्नाशीच्या अलीकडेच तिने एकेक ठिकाणी जायचे सोडले. आधी लांबची लग्ने, मग जवळची हळदीकुंकवे, शेवटी देऊळ. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "गुडघे धरलेत गं." आम्ही भाचरे तिला 'घरकोंबडी' म्हणायचो. मीही म्हटले आहे. वीस वर्षांनी ती गेली. तिच्या कपाटात, पातळांच्या मागे, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यांची एक चवड निघाली. स्वच्छ धुतलेली, चौकोनी घड्या घातलेली. तिची सून पाहत राहिली. मी पाहत राहिले. तिचे गुडघे शेवटपर्यंत चांगले होते, हे आम्हा दोघींनाही एकाच क्षणी कळले.

ती चवड पाहिल्यावर तरी मी शहाणी व्हावे की नाही? पण एक्केचाळिसाव्या वर्षी ते दुखणे माझ्याकडे आले, तेव्हा मी मावशीच्याच वाटेने गेले. चित्रकलेचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, बायकांचे स्वच्छतागृह तळमजल्यावर. मी शाळेत पाणी पिणे बंद केले. गडद रंगाच्या साड्या घेऊ लागले. मुलांना 'निसर्गचित्र काढा' असे सांगून तासात दोनदा जिना उतरू लागले. एका डॉक्टरांना कसेबसे अर्धे वाक्य सांगितले. त्यांनी कागदावरून नजर न उचलता, "वयानुसार होतं, पाणी कमी प्या," असा सल्ला दिला. मी तो तंतोतंत पाळला, आणि तो चुकीचा होता. पाणी तोडले की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते, वर बद्धकोष्ठ होते आणि तेही मूत्राशयावर रेटा देते. चहा-कॉफी आवरायला हवी होती, ती मी थकवा घालवायला वाढवली होती.

मग माझ्या तिसऱ्या कादंबरीचा प्रकाशन समारंभ दादरला ठरला. संध्याकाळची वेळ. नवी साडी, केसांत गजरा, पिशवीत वाचून दाखवायच्या उताऱ्याचा कागद. निघताना दोनदा जाऊन आले होते. भाईंदरला चर्चगेटची जलद गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली. मीरा रोड गेले, दहिसर गेले. बोरिवलीच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. आपल्या लोकल गाड्यांना स्वच्छतागृह नसते, हे मी काही नव्याने सांगायला नको. पाच मिनिटे गेली, सात गेली. मी ओठ दाबले, मांडीवर मांडी घट्ट केली, रामरक्षा म्हणायला लागले. गाडी सुरू होताना जो हिसका बसला, तेवढा पुरला. शेजारच्या मुलीने काही न बोलता आपली ओढणी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिचे नाव मी विचारले नाही. बोरिवलीला उतरले, समोरच्या फलाटावरून परत फिरले आणि प्रकाशकांना फोन केला, "एकाएकी ताप भरलाय." समारंभ झाला. माझ्या नायिकेच्या निर्भयपणावर एका समीक्षकांनी फार सुंदर भाषण केले, असे मागाहून कळले.

वयाचा भाग म्हणणाऱ्यांना मी इतकेच विचारते: मोतीबिंदू वयाने होतो, म्हणून कोणी आईला आंधळी ठेवतो काय? दात वयाने पडतात, म्हणून कवळीला कोणी नाक मुरडतो काय? वय वाढते तसे हे दुखणे अधिक आढळते हे खरे. पण अधिक आढळणारी गोष्ट अपरिहार्य असते, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आणि दुखणे एक नव्हे, निदान दोन आहेत. खोकताना, शिंकताना, हसताना, बादली उचलताना जी गळते ती एक. तिथे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. एकाएकी कळ येते आणि पोचेपर्यंत धीर निघत नाही ती दुसरी. तिथे मूत्राशय अर्धे रिकामे असतानाच आवळू लागते. दोन्हींचे उपाय वेगळे. काहींना दोन्ही असतात. पण हे वेगळेपण कळायचे तर आधी कोणीतरी विचारायला हवे आणि कोणीतरी सांगायला हवे. आमच्याकडे विचारणारा विचारत नाही, सांगणारी सांगत नाही, आणि दोघे मिळून वयाला दोष देतात.

त्या लोकलच्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनी मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेले. मूत्रविकारांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, पोटाची सोनोग्राफी करवली आणि एक छापील कागद दिला. "तीन दिवसांची रोजनिशी लिहून आणा. किती वाजता गेलात, मापाने किती झाली, किती वेळा कपडे भिजले, रात्री किती वेळा उठलात, पाणी-चहा किती घेतला." मी लेखिका, रोजनिशी लिहिणे माझ्या हातचा मळ. तीन दिवसांनी नीटनेटक्या अक्षरात लिहून नेली. दिवसाला आठ वेळा, रात्री एकदा, कपडे भिजले नाहीत.

बाईंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे आकडे तुमचे नाहीत. असे असते तर तुम्ही भाईंदरहून इथवर आला नसता."

वाचकहो, मी कागदाशीही खोटे बोलले होते. डॉक्टरांसमोर, जिथे खोटे बोलून केवळ माझेच नुकसान होते, तिथेही मी माझ्या नायिकेसारखी स्वच्छ आणि कोरडी राहायला बघत होते. घरी आले आणि पुन्हा तीन दिवस लिहिले. दिवसाला सतरा वेळा. रात्री तीनदा. कपडे भिजले ते पहिल्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी तीनदा, तिसऱ्या दिवशी दोनदा. प्लास्टिकच्या मापाने मोजलेले आकडे शंभर, ऐंशी, एकशेवीस. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावते. माझे ऐंशीलाच हाकाटी करत होते. आजवर मी जे काही लिहिले त्यात तो कागद सर्वांत प्रामाणिक आहे.

आता तिसरे वाक्य, अमेरिकेतल्या चोचल्यांचे. पाठीत यंत्र, ही काय भानगड आहे ती आधी सांगते.

कमरेच्या खाली, पाठीच्या कण्याच्या शेवटाकडे त्रिकास्थी नावाचे त्रिकोणी हाड असते. त्याला दोन्ही बाजूंनी भोके असतात आणि त्यांतून मज्जातंतू बाहेर पडतात. मूत्राशयाचे आणि मेंदूचे बोलणे चालते ते या तारांवरून. शाळेच्या भाषेत सांगते. मूत्राशय हा घंटा वाजवणारा शिपाई. वर्ग भरला की त्याने घंटा द्यावी आणि मुख्याध्यापकांनी, म्हणजे मेंदूने, 'आत्ता नको, सुट्टी झाल्यावर' असे सांगावे. या दुखण्यात शिपाई बिथरतो; चार मुले आली की घंटा बडवत सुटतो, आणि वरून आलेला निरोप त्याच्या कानावर जात नाही. अशा वेळी तिसऱ्या क्रमांकाच्या भोकातून एक बारीक तार त्या मज्जातंतूजवळ नेतात आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात, कातडीखाली, काडेपेटीहून लहान असे यंत्र ठेवतात. ते सेकंदाला सुमारे चौदा मंद ठोके देत राहते. यंत्र शिपायाचे हात बांधत नाही. त्याच्या कानाशी सतत समजुतीचे बोलत राहते. ज्याला लघवी सुटतच नाही, पण वाटेत अडथळाही काही नाही, अशाही रुग्णाला कित्येकदा याचा गुण येतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी १९८० च्या दशकात हे उभे केले. तनाघो हे मूळचे इजिप्तचे, अलेक्झांड्रियाला शिकलेले. १९९७ साली अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने ही घाईची लघवी न आवरणाऱ्या रुग्णांसाठी हे यंत्र मान्य केले आणि १९९९ साली वारंवार लागणे व तुंबणे यांसाठी. म्हणजे ही काही काल निघालेली टूम नव्हे.

माझी मावसबहीण, म्हणजे त्या मुर्ध्याच्या मावशीचीच लेक, न्यू जर्सीला असते. आईचे दुखणे तिच्याही वाट्याला आले. व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, गुण आला नाही. तेव्हा तिला हे यंत्र सुचवले गेले. मला सर्वांत मोलाची वाटली ती पुढची गोष्ट. यंत्र एकदम बसवत नाहीत. आधी फक्त तार आत सोडतात, यंत्र बाहेर कमरपट्ट्याला असते, आणि काही दिवस घरी पाठवून पाहतात. रुग्णाने रोजनिशी लिहायची. त्रास निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाला तरच यंत्र कायमचे बसवायचे. नाही तर तार काढून घ्यायची. आणि हा निकाल मुख्यतः कशावर ठरतो? त्या बाईने स्वतःच्या हाताने, खरे लिहिलेल्या कागदावर! सॅन फ्रान्सिस्कोचे सारे शास्त्र शेवटी एका बाईच्या खरे बोलण्यापाशी येऊन उभे राहते. जिने 'आठ वेळा' असे लिहिले, तिला जगातले कोणतेही यंत्र काय उपयोगाचे?

मावसबहिणीने खरे लिहिले. आधीच्या कागदावर दिवसाला चारदा कपडे भिजत. परीक्षेच्या आठवड्यात दोन दिवसांतून एकदा. यंत्र बसले. तिने मला रात्री फोन केला, "ताई, आज लेकीच्या शाळेचं नाटक शेवटपर्यंत बसून पाहिलं." बोलता बोलता रडू लागली; म्हणाली, "आईला कुणी विचारलंच नाही गं." यंत्राची दुसरी बाजूही तिनेच सांगितली. दोन वर्षांनी तार जागची हलली आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. जखमेत जंतू शिरू शकतात, यंत्राच्या जागी दुखू शकते. जुन्या पद्धतीची बॅटरी काही वर्षांनी संपते व यंत्र बदलावे लागते. अमेरिकेत २०१९ पासून कातडीवरून चार्ज करता येणारी, अधिक वर्षे टिकणारी यंत्रे मिळू लागली. यंत्र चालू आहे तोवरच गुण; ते दुखणे मुळातून उपटून टाकत नाही. आणि खोकताना-हसताना गळणाऱ्या लघवीसाठी ते नव्हेच. जो हे सांगणार नाही आणि नुसताच चमत्कार म्हणून यंत्र विकेल, त्याच्यावरही माझा विश्वास नाही.

आमचे साहित्यप्रेमी म्हणतील, "पण किंमत?" किंमत लाखांत जाते. माझ्यासारख्या मास्तरणीने वर्षाचा पगार एकगठ्ठा पाहिलेला नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण १९५८ साली स्वीडनमध्ये एका माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तेव्हा तोही चोचलाच होता. आज आपल्या प्रत्येक इमारतीत कोणा आजोबांना पेसमेकर आहे, आपण त्यांना आदराने जिन्यात वाट देतो आणि त्याला लागलेल्या पैशाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तेही विजेचे ठोके देणारे यंत्र, हेही विजेचे ठोके देणारे यंत्र. मग एक जीवनदान आणि दुसरे चोचले का? कारण हृदयावर कविता होतात, मूत्राशयावर होत नाहीत! हृदयविकार पुरुषाच्या अंगावर शोभतो, आणि हे दुखणे बहुतकरून बाईचे म्हणून मोरीतच राहते. हृदय बंद पडले तर माणूस मरतो, हे मान्य. पण माझी मावशी वीस वर्षे कोणत्या अर्थाने जगली, ते मला सांगा.

शिवाय हे यंत्र शिडीची वरची पायरी आहे. खालच्या पायऱ्या कोणालाही परवडतील अशा आहेत, आणि पुष्कळजणींना वर जावेच लागत नाही. रोजनिशीला कागद-पेन्सिल लागते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडले. त्यांना फुकटही म्हणता येत नाही इतके ते स्वस्त आहेत, कारण बसल्या जागी, भाजी निवडताना करता येतात. लागली की लगेच न धावता आधी पाच मिनिटे, मग दहा, मग पंधरा मिनिटे थांबायची सवय लावता येते. गोळ्या आहेत, काहींनी तोंडाला कोरड पडते. मूत्राशयात टोचायचे बोटॉक्सचे इंजेक्शन आहे. आणि पाठीत यंत्र न बसवता त्याच मज्जातंतूंपर्यंत पोचायची एक वाट घोट्यातून जाते: घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडे वर, बारीक सुई टोचून किंवा कातडीवर चिकटपट्ट्या लावून मंद वीजलहरी सोडतात. सुईच्या पद्धतीत अर्धा तास, आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. पायातला तो मज्जातंतू कमरेच्या ज्या मुळांतून निघतो, मूत्राशयाचे तंतूही तिथूनच निघतात.

मी चिकटपट्ट्यांची वाट धरली. बारा शनिवार भाईंदरहून मुंबईला गेले. बरोबर व्यायाम, चहा दोनच वेळा, पाणी मात्र पोटभर. चौथ्या शनिवारी काही कळले नाही. आठव्या शनिवारी रोजनिशीत तेरा लिहिले. बाराव्या शनिवारी नऊ. रात्री एकदा. गेल्या महिन्याभरात कपडे दोनदा भिजले. पूर्ण बरी झाले असे मी म्हणत नाही. पुन्हा वाढले तर शिडीची पुढची पायरी चढेन. यंत्राचा दिवस आलाच तर त्याचीही माहिती विचारून ठेवली आहे. पण आता मला ताप भरत नाही.

आणि हे सारे करूनही एक गोष्ट उरते, ती कोणत्याही यंत्राच्या हातची नाही. यंत्र बाईला दहा मिनिटांची सवड मिळवून देईल. त्या दहा मिनिटांत पोचण्याजोगे दार तर हवे? आमच्या मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली २००२ साली. तेव्हापासून इथे मजल्यांवर मजले चढले. पण उत्तनच्या कोळणी पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन निघतात, स्टेशनबाहेर भाजीवाल्या दिवसभर बसतात, भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यांत बायका पॉलिशला बसतात. त्यांच्यापैकी कोणाही एकीला विचारा की दिवसभरात पाणी किती पिता. आमच्या शाळेतल्या मुलींनाही विचारा. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत जाते. मावशीच्या चवडीची सुरुवात तिथे होते. पुरुषांना रस्त्याकडेची प्रत्येक भिंत आपलीच वाटते; बाईला सार्वजनिक जागेत शरीरच नसते!

यासाठीही कोणी झगडले नाही असे नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने बायकांनी चळवळ चालवली. फुकट आणि स्वच्छ मुतारी मागितली. आणि आपल्या मराठी मासिकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात सुरू केलेले 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक याच प्रश्नासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने, स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याची योजना महापालिकांनी आखावी, असा आदेश दिला. एक मासिक स्वच्छतागृहासाठी न्यायालयाची पायरी चढते, आणि दुसऱ्या मासिकाच्या दिवाळी अंकात लघवीवर चार पाने छापायला आपण कचरतो! विद्याताई २०२० साली गेल्या. त्यांनी मागितले ते अजून आमच्या स्टेशनबाहेर मला हवे तेव्हा, हव्या त्या जागी सापडत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. दवाखान्यात चाळिशीपुढची बाई कोणत्याही कारणाने आली तरी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारावा, "लघवीचा काही त्रास?" आणि उत्तर येईपर्यंत नजर कागदावरून उचलावी. प्रत्येक मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयात या दुखण्यासाठी आठवड्यातून एक दिवस ठरलेला असावा, व्यायाम शिकवणारी बाई असावी, घोट्याला लावायचे यंत्र असावे; आणि ज्यांना त्याहून वरची पायरी लागेल त्यांच्यासाठी पाठीतल्या यंत्राचाही सरकारी मदतीच्या यादीत विचार व्हावा. शाळेत मुलींना तासातून उठून जायला हात वर करून कारण सांगावे लागू नये. मी माझ्या वर्गात तो नियम मोडला आहे. निसर्गचित्रे पूर्वीइतकीच चांगली येतात.

आणि घरोघरच्या वाचकांकडे एकच मागणे. येत्या भाऊबीजेला तुमची बहीण ओवाळायला बसेल. आई आतबाहेर करत असेल. तिला ओवाळणी घाला, पण आधी एकांतात गाठून विचारा, "तुला गुडघेच दुखतात ना? की दुसरं काही?" ती चिडेल. "काहीतरीच काय!" म्हणेल. विचारणे सोडू नका. हा अंक तिच्या उशाशी ठेवा आणि या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. ती दुपारी एकटी असताना वाचील.

संपादक महाशय, कथा मी पुढच्या वर्षी नक्की देईन. खुसखुशीतही देईन. तिच्यातली नायिका आपल्या पुस्तकाच्या समारंभाला भाईंदरहून दादरला जायला निघेल. वाटेत बोरिवलीला उतरेल, तोंडावर पाणी मारील, पुढची गाडी पकडील. आणि दादरला वीस मिनिटे उशिरा पोचल्यावर कोणी कारण विचारले तर खरे कारण सांगेल.